उतारवयातले डोळे आणि आपलं ठाणे-नवी मुंबई: कशापासून जपायचं आणि कोणत्या क्रमाने

घरातल्या मोठ्या माणसाला मोतीबिंदू निघाला की सगळे म्हणतात, ‘वय झालं, चालायचंच.’ वय हे कारण आहेच, त्यात वाद नाही. पण दोन सख्ख्या भावांपैकी एकाला पन्नाशीतच धूसर दिसायला लागतं आणि दुसरा सत्तरीतही आरामात पेपर वाचतो, तेव्हा वयापलीकडचंही काही त्यात असतं. आयुष्यभर डोळ्यांनी किती ऊन, किती धूर, किती तंबाखू सोसला, कोणती औषधं पोटात आणि डोळ्यांत गेली, हा त्यातला मोठा भाग. आणि आनुवंशिकतेसारखा तो आपल्या हाताबाहेरचा नाही.

मी ठाण्यात डोळ्यांचे नंबर तपासते. समोर बसलेल्या पन्नाशी-साठीच्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा मोबाइलचा असतो: ‘ब्लू कटची, म्हणजे निळा प्रकाश अडवणारी काच घालून द्या, स्क्रीनने डोळे जातात म्हणे.’ त्याच माणसाच्या खिशात तंबाखूची पुडी असते, दिवसभर उन्हात फिरताना डोक्यावर टोपी नसते आणि डोळे चुरचुरले की मेडिकलमधून परस्पर आणलेली थेंबांची बाटली घरी अर्धी संपलेली असते. काळजी आहे, पण ती भलत्या जागी खर्च होतेय. म्हणून पुढच्या पायऱ्या मी मुद्दाम क्रमाने लावल्या आहेत. ज्यातून सर्वांत जास्त नुकसान होतं आणि ज्याचा पुरावा पक्का आहे, ते आधी. पैसे, वेळ आणि घरच्यांशी वाद घालायची ताकद मर्यादित असते. ती वरच्या पायऱ्यांवर लावा.

आधी थोडं आजारांबद्दल

मोतीबिंदूत डोळ्याच्या आतलं भिंग गढूळ होतं. हे भिंग शरीरातली एक विलक्षण गोष्ट आहे. त्वचेसारख्या जुन्या पेशी ते टाकून देत नाही. नव्या पेशी बाहेरून चढत जातात आणि गाभ्यात आपल्या जन्माआधीच्या पेशी तशाच राहतात. म्हणजे विसाव्या वर्षी लागलेलं ऊन आणि तिसाव्या वर्षी ओढलेली विडी यांचा परिणाम साठीतल्या भिंगात जमा असतो. २०१५ ते २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधत्वामागे मोतीबिंदूचा वाटा सुमारे ६६ टक्के निघाला. ऑपरेशनने दृष्टी परत येते, हा त्यातला दिलासा.

दुसरा आजार डोळ्याच्या आत मागे असलेल्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या मध्यबिंदूचा, म्हणजे मॅक्युलाचा. वयानुसार मॅक्युला झिजतो, समोरच्या माणसाचा चेहरा पुसट होतो, सरळ रेघ वाकडी दिसते. तिसरा काचबिंदू. त्यात डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते आणि बहुतेकांना शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. या दोन्हींत गेलेली नजर परत मिळत नाही. याशिवाय डोळे कोरडे पडणं आणि बुबुळावर नाकाच्या बाजूने मांस चढणं हेही वयाबरोबर आणि वातावरणाबरोबर वाढतं. मधुमेहाने पडद्यावर होणारा परिणाम हा स्वतंत्र विषय आहे, पण तपासणीच्या पायरीत तो येईलच.

पायरी पहिली: आयुष्याची नोंद काढा

एक कागद घ्या आणि घरातल्या ज्येष्ठांशी अर्धा तास बोला. आज ते कुठे राहतात यापेक्षा पूर्वी काय करत होते हे महत्त्वाचं. नवी मुंबईत सेक्टरमधल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कितीतरी आगरी-कोळी घरांतल्या आज्या तरुणपणी मिठागरात, भातशेतीत किंवा खाडीवर काम करत होत्या. आज त्या दिवसभर घरात पंख्याखाली बसतात, म्हणून मुलांना वाटतं उन्हाचा काही संबंध नाही. माझ्याकडे नातवासोबत आलेल्या एका आजींच्या दोन्ही बुबुळांवर मांसाचा गुलाबी त्रिकोण नाकाकडून चढलेला होता. ‘आजी, उन्हात काम केलंय का?’ विचारलं तर नातू म्हणाला, ‘नाही हो, ती घरीच असते.’ आजी हसल्या. ‘मिठागरात होते गं, लग्न झाल्यापासून. हा तेव्हा कुठे होता?’ पांढऱ्या मिठावरून आणि पाण्यावरून उसळलेलं ऊन खालून डोळ्यात जातं, तिथे पदर कपाळापर्यंत ओढला तरी पुरत नाही.

कागदावर हे लिहा: उघड्यावरचं काम किती वर्षं केलं (मासेमारी, शेती, बांधकामाची साइट, रिक्षा, भाजीचा ठेला). चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला. तंबाखू कोणत्याही रूपात, मिश्रीसुद्धा. वेल्डिंग, भट्टी, बॅटरीचं काम. दमा, सांधेदुखी किंवा त्वचेसाठी स्टेरॉइड घेतलंय का. मधुमेह, रक्तदाब. आणि आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कोणाला काचबिंदू होता का. रक्ताच्या नात्यात काचबिंदू असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. हा कागद तपासणीला जाताना बरोबर न्यायचा आहे. ओपीडीत डॉक्टरांना हे सगळं विचारायला वेळ नसतो, आणि पेशंटला आयत्या वेळी आठवत नाही.

पायरी दुसरी: तंबाखू

फुप्फुसं आणि तोंडाचा कॅन्सर सगळ्यांना माहीत आहे. डोळ्यांचं कोणी बोलत नाही. धूम्रपान करणाऱ्यांना मॅक्युला झिजण्याचा धोका न करणाऱ्यांच्या दुप्पट ते चौपट असतो. बदलता येण्याजोग्या कारणांत या आजारासाठी याहून मोठं कारण नाही. पडद्याला शरीरातल्या इतर भागांच्या तुलनेत फार जास्त ऑक्सिजन लागतो; धुरातल्या घटकांनी तिथला रक्तपुरवठा मंदावतो आणि पेशींना वाचवणारी द्रव्यं कमी होतात. भिंगाच्या गाभ्यातला मोतीबिंदूही विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत लवकर येतो.

‘मी ओढत नाही, फक्त चघळतो’ किंवा ‘फक्त दात घासायला मिश्री’ ही पळवाट नाही. चेन्नईजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या पाहणीत धूररहित तंबाखू घेणाऱ्यांमध्येही मोतीबिंदूचं प्रमाण जास्त आढळलं. मिश्रीबद्दल घरातल्या सुना-मुली बोलायला संकोचतात, कारण सासूबाईंची सवय पन्नास वर्षांची असते. पण मिश्री हीसुद्धा भाजलेली तंबाखूच. हिरड्यांतून निकोटीन रक्तात जातं.

सोडून उपयोग आहे का, या वयात? आहे. एका ब्रिटिश अभ्यासात सिगारेट सोडून वीस वर्षं झालेल्यांचा मॅक्युलाचा धोका कधीच न ओढणाऱ्यांइतका खाली आलेला दिसला. पन्नाशीत सोडली तर सत्तरीत, म्हणजे हा आजार ज्या वयात खरा त्रास देतो तेव्हा, त्याचं फळ हातात पडतं. त्याच अभ्यासात दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्यांचाही धोका वाढलेला होता, म्हणून गॅलरीत उभं राहून ओढली तरी घरच्यांच्या डोळ्यांचा प्रश्न मिटत नाही. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा नंबर १८०० ११ २३५६ असा आहे, फुकट आहे. फोन लावून देण्याचं काम मुलाने किंवा मुलीने करावं. ‘सोडा’ म्हणून नुसता धोशा लावल्याने कोणी सोडत नाही.

पायरी तिसरी: ऊन, टोपी आणि गॉगल

आपण १९ अंश अक्षांशावर राहतो. मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो. अतिनील किरणांचा निर्देशांक ३ किंवा त्यावर गेला की संरक्षण घ्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ८ पासून ‘अति’ आणि ११ पासून ‘टोकाचा’. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे तो ११ पर्यंत आणि त्याच्याही वर जातो. मोबाइलवरच्या हवामानाच्या बहुतेक ॲपमध्ये हा आकडा असतो. ॲप नको असेल तर एक सोपी खूण आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा किरण तीव्र असतात. ढगाळ दिवसाने फसू नका, पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येतात.

ऊन आणि मोतीबिंदूचा संबंध ज्यामुळे ठाम झाला, तो अभ्यास अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरावरच्या ८३८ मच्छीमारांवर झाला आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यभरात साठलेला अतिनील किरणांचा डोस दुप्पट झाला की भिंगाच्या बाहेरच्या थरातल्या मोतीबिंदूचा धोका १.६ पट होतो, असं त्यात दिसलं. ऐरोली, वाशीगाव, दिवाळे, सारसोळे इथल्या खाडीवर होडी घेऊन जाणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना ही गोष्ट अगदी थेट लागू होते, आणि मला वाटतं मच्छीमार सोसायट्यांनी जाळ्याच्या सुताइतकंच टोपीकडे लक्ष द्यायला हवं.

आता काय करायचं ते सांगते.

आधी टोपी, मग गॉगल. चारही बाजूंनी रुंद काठाची टोपी डोळ्यांत जाणारे अतिनील किरण जवळपास निम्म्यावर आणते. क्रिकेटची कॅप फक्त समोरून वाचवते. बाजूने येणारे किरण बुबुळावर तिरके पडतात आणि वाकून नाकाकडच्या कडेवर एकवटतात. बुबुळावरचं मांस नाकाच्या बाजूनेच का चढतं, याचं एक कारण हे मानलं जातं. छत्री उत्तम, पण मोटरसायकलवर उपयोगी नाही. तिथे पूर्ण काचेचं हेल्मेट आणि काच खाली.

वेळेबद्दल एक गैरसमज आहे. त्वचेला भरदुपारचं ऊन सर्वांत वाईट, हे बरोबर. पण दुपारी सूर्य डोक्यावर असतो तेव्हा भुवया आणि खोबणी डोळ्यांना आडोसा देतात. जपानमधल्या कानाझावात मोजणी केली तेव्हा सूर्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांना उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आसपास आणि दुपारी दोन-तीनच्या पुढे जास्त मार बसताना दिसला. म्हणून उपवन तलावाला किंवा पाम बीच रोडला चालायला जाणाऱ्यांनी सूर्य बऱ्यापैकी वर यायच्या आत फेरी संपवावी, आणि उशीर झालाच तर जाताना-येताना सूर्य पाठीशी राहील अशी बाजू निवडावी. ‘दहाच्या आत जातो, मग टोपी कशाला’ हे डोळ्यांच्या बाबतीत खरं नाही.

सूर्याला अर्घ्य देणाऱ्यांनी नजर तांब्यावर ठेवावी. पाण्याच्या धारेतून सूर्य पाहिला की डोळ्यांना चांगलं, असं सांगितलं जातं; पाण्याची धार पडद्याला वाचवत नाही. सूर्याकडे टक लावून पाहिल्याने मॅक्युलाला कायमची इजा होऊ शकते, आणि तेव्हा दुखतही नाही.

गॉगल घेताना रंगाच्या गडदपणावर जाऊ नका. गडद काच म्हणजे संरक्षण नाही. उलट काच गडद पण अतिनील न रोखणारी असेल तर तिच्यामागे बाहुली मोठी होते आणि किरणांना आत जायला दार मोठं मिळतं. चिकटपट्टीवर ‘यूव्ही ४००’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण रोखले जातात. पण चिकटपट्टी कोणीही लावू शकतो. चांगल्या चष्म्याच्या दुकानात अतिनील मोजायचं छोटं यंत्र असतं, त्यात काच धरली की एका मिनिटात कळतं. कुठूनही घेतलेला गॉगल तपासून मागा, संकोच करू नका. स्टेशनबाहेरचा स्वस्त गॉगल वाईटच असतो असंही नाही. तो पॉलिकार्बोनेटचा असेल तर ते साहित्य मुळातच अतिनील किरण रोखतं. ‘पोलराइज्ड’ म्हणजे पाण्यावरची आणि डांबरी रस्त्यावरची झळाळी कमी करणारा. खाडीवर जाणाऱ्याला आणि गाडी चालवणाऱ्याला तो सुखाचा, पण अतिनीलशी त्याचा थेट संबंध नाही, दोन्ही गुण वेगवेगळे तपासावेत.

नंबरचा चष्मा असणाऱ्या ज्येष्ठांसाठी चष्म्यावरून चढणारा, बाजूंनी बंद असलेला गॉगल मिळतो. दिसायला थोडा ढब्बू, पण मी माझ्याकडच्या ज्येष्ठांना तोच सुचवते, कारण दोन चष्मे बदलत बसायची कटकट त्यांना झेपत नाही आणि मग दोन्ही टेबलावर राहतात. नंबरची भिंगं पॉलिकार्बोनेटची असतील तर अतिनीलपासून बचाव आधीच झालेला आहे. जुन्या काचेच्या भिंगांचं तसं नाही. रंग करडा किंवा तपकिरी घ्या. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर तपकिरीत झळाळी कमी वाटते. अंधार पडल्यावर मात्र कोणताही गडद गॉगल घालून गाडी चालवू नका.

घराच्या आणि गाडीच्या काचांचंही एक सांगते. साधी काच अतिनीलमधले ‘बी’ किरण अडवते, ‘ए’ किरण बरेचसे आत सोडते. गाडीची समोरची काच दोन थरांची असल्याने बहुतेक सगळं रोखते, बाजूच्या काचांचा भरवसा नाही. रोज वाशी पूल ओलांडून जाणाऱ्या ड्रायव्हरने खिडकीकडच्या डोळ्यासाठी तरी चष्मा लावावा.

रबाळे-महापेच्या शेडमध्ये फॅब्रिकेशन करणाऱ्यांना वेगळं बजावते: वेल्डिंगची ठिणगी बघणं म्हणजे जवळून अतिनील झोत घेणं. रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं दुखतं ते त्यामुळेच. आर्क वेल्डिंगला साधा काळा गॉगल चालत नाही, पूर्ण चेहऱ्याची ढाल आणि १० किंवा त्यावरच्या शेडची काच लागते. शेजारी उभा राहून पट्टी धरणाऱ्या हेल्परलासुद्धा.

पायरी चौथी: मेडिकलमधून परस्पर आणलेले थेंब

ही पायरी इतर लेखांत सापडणार नाही, पण आपल्या भागात मला ती फार मोलाची वाटते. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम, डंपरची रांग, वर वाळू-सिमेंट. ठाणे-बेलापूर रस्त्याला एमआयडीसीचा धूर. डोळे चुरचुरतात, लाल होतात. माणूस मेडिकलमध्ये जातो, ‘डोळे लाल झालेत, काहीतरी द्या’ म्हणतो, आणि त्याला अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली बाटली मिळते. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र होतात. मग दर वेळी तीच बाटली. इथे धूळ स्वतः जेवढं बिघडवत नाही, तेवढं तिच्यावरचा घरगुती इलाज बिघडवतो.

स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घातले तर दोन गोष्टी होतात. भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू येतो, जो वाचताना आणि उजेडात फार त्रास देतो. आणि डोळ्यातला दाब वाढतो. चार ते सहा आठवडे थेंब घातले तर साधारण दर तीन माणसांत एकाचा दाब मध्यम प्रमाणात आणि शंभरात पाच-सहांचा फार वाढतो. तो वाढलेला कळत नाही. काचबिंदू होऊन बसतो.

घरातल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या आज बाहेर काढा. लेबलवर बारीक अक्षरांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड. डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. उघडून महिना झालेली बाटली, कोणतीही असो, वापरू नका; तपासणीला दाखवून मग फेकून द्या. मात्र डॉक्टरांनी सध्या चालू ठेवलेले थेंब किंवा दम्याचा पंप, सांधेदुखीच्या गोळ्या मनाने बंद करू नका. स्टेरॉइड एकदम थांबवणं धोक्याचं असतं. डॉक्टरांना इतकंच विचारा की किती दिवस घ्यायचे आणि डोळ्यातला दाब कधी मोजायचा.

धूळ गेली तर चोळायचं नाही. उकळून थंड केलेल्या पाण्याने धुवा, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडून बाहेर. रोजची चुरचूर असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले वंगणाचे थेंब, ज्यात औषध नसतं, ते चालतात. मध, एरंडेल, गुलाबपाणी, दुधाचे थेंब डोळ्यात घालू नयेत.

पायरी पाचवी: धूर आणि हवा

इथे पुरावा तंबाखू-उन्हाइतका जुना नाही, पण वाढतोय. ब्रिटनमधल्या मोठ्या लोकसमूहाच्या अभ्यासात २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण जास्त असलेल्या भागांतल्या लोकांत काचबिंदू (२०१९) आणि मॅक्युलाचा आजार (२०२१) थोडा जास्त आढळला, साधारण ६ ते ८ टक्क्यांच्या फरकाने. फरक लहान दिसतो. पण ब्रिटनची हवा आपल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे, आणि आपण ही हवा रोज, वर्षानुवर्षं घेतो. भारताची वार्षिक मर्यादा या कणांसाठी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५.

चुलीचा मुद्दा याहून पक्का. नेपाळ-भारत सीमेलगत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूर बाहेर न जाणाऱ्या लाकूड-गोवरीच्या चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बायकांत मोतीबिंदू जास्त होता. येऊरच्या पाड्यांवर अजून चूल पेटते, अंघोळीच्या पाण्यासाठी तर अनेक घरांत. गॅस परवडत नसेल तर निदान चूल उंबऱ्याबाहेर हलवा आणि फुंकणी लांब ठेवा. फ्लॅटमध्ये फोडणी देण्याआधी एक्झॉस्ट फॅन लावा आणि पाच-दहा मिनिटं नंतरही चालू राहू द्या. मच्छर कॉइल बंद खोलीत लावून झोपू नका. मच्छरदाणी आणि खिडकीची जाळी बरी.

हिवाळ्यात खिडक्यांची वेळ बदला. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटे थंड हवा खाली साचते आणि धूर-धूळ तिच्यात अडकते. दुपारी जमीन तापली, खाऱ्या वाऱ्याने जोर धरला की हवा हलते. ‘सकाळची ताजी हवा’ म्हणून सहाला सगळी घरं उघडतात, तीच वेळ अनेकदा वाईट असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर जवळच्या केंद्राचा हवेच्या गुणवत्तेचा आकडा (एक्यूआय) दिसतो; तो जितका जास्त तितकी हवा वाईट. २०० च्या वर असेल तर ज्येष्ठांनी फेरी पुढे ढकलावी, किंवा पाठीमागच्या आतल्या रस्त्याने जावं. मुख्य रस्त्यापासून एक गल्ली आत गेलं तरी फरक पडतो.

मोबाइल आणि एसी

स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने पडदा झिजतो, असा पुरावा नाही. सूर्यप्रकाशाच्या तुलनेत मोबाइलचा निळा प्रकाश नगण्य असतो. ब्लू कटच्या काचेसाठी जादा पैसे खर्च करायचे तर ते टोपी आणि चांगल्या गॉगलवर करा; विकणाऱ्या बाजूला बसूनही मी हेच सांगते. स्क्रीनचा खरा त्रास म्हणजे आपण पापण्या मिटवायला विसरतो आणि डोळे कोरडे पडतात. एसीचा झोत तोंडावर येत असेल तर अजूनच. झोत वळवा, अधूनमधून लांब बघा, मुद्दाम पापण्या मिटा. रजोनिवृत्तीनंतर बायकांमध्ये कोरडेपणा वाढतो, तेव्हा ‘डोळ्यातून पाणी येतं’ ही तक्रारसुद्धा कोरडेपणाची असू शकते.

जेवणाबद्दल, थोडक्यात

पालक, मेथी, शेवग्याचा पाला, मका, अंड्याचा पिवळा बलक यांत मॅक्युलाला लागणारी ल्यूटीन आणि झियाझँथिन ही द्रव्यं असतात. उत्तर आणि दक्षिण भारतातल्या साठीपुढच्या लोकांच्या अभ्यासात रक्तात क जीवनसत्त्व जास्त असलेल्यांना मोतीबिंदू कमी दिसला; पेरू, आवळा, लिंबू आपल्या बाजारात बारमाही कुठल्या ना कुठल्या रूपात असतात. ‘डोळ्यांच्या’ महागड्या गोळ्या सरसकट घेऊ नका. अमेरिकेतल्या २००१ आणि २०१३ च्या मोठ्या चाचण्यांत ठरावीक मिश्रणाचा फायदा दिसला तो मॅक्युलाचा आजार मध्यम अवस्थेत असलेल्यांना. निरोगी डोळ्यांत आजार टाळण्यासाठी त्या नाहीत, आणि बीटा कॅरोटीन असलेली गोळी धूम्रपान करणाऱ्यांनी घेतल्यास फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मोतीबिंदू विरघळवणारे थेंब म्हणून जे विकतात, ते विरघळवत नाहीत.

पायरी सहावी: घरची चाचणी आणि डॉक्टरकडची

मॅक्युलासाठी घरी करता येणारी चाचणी अशी: महिन्यातून एकदा, जवळचा चष्मा लावून, एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि हातभर अंतरावरून बाथरूमच्या टाइल्सच्या जोडरेघा बघा. मधल्या एका टाइलवर नजर स्थिर ठेवा. आजूबाजूच्या रेघा सरळ आहेत का? कुठे वाकतात, तुटतात, मध्ये धुरकट ठिपका दिसतो का? मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून ही चाचणी करू नका, कारण चांगला डोळा वाईटाची उणीव भरून काढतो आणि माणूस वर्षभर अंधारात राहतो. खिडकीचं ग्रिलही चालतं. रेघ नव्याने वाकडी दिसली तर पुढच्या दोन-चार दिवसांतच पडद्याच्या डॉक्टरांना गाठा. मॅक्युलाच्या आजाराच्या एका प्रकारात डोळ्यात इंजेक्शन देऊन नजर वाचवता येते, पण उशीर झाला तर नाही.

काचबिंदूला मात्र घरची चाचणी नाही. चाळिशीत एकदा संपूर्ण तपासणी, पंचावन्ननंतर दर एक ते तीन वर्षांनी, पासष्टीनंतर दर एक-दोन वर्षांनी. मधुमेह असेल तर दर वर्षी, नजर कितीही चांगली असली तरी. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नाही. तीन गोष्टी झाल्या का ते विचारा: डोळ्यातला दाब मोजला का, बाहुली मोठी करून पडदा आणि नस पाहिली का, भिंग यंत्रातून पाहिलं का. नुसतं विचारलंत तरी तपासणीचा दर्जा बदलतो. खासगी परवडत नसेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचं महापालिका रुग्णालय इथे नेत्रविभाग आहेत. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा.

बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी चार-सहा तास जवळचं दिसत नाही आणि उजेड सहन होत नाही. त्या दिवशी ज्येष्ठांना एकटं पाठवू नका, स्कूटर तर नाहीच. गॉगल बरोबर घ्या आणि येताना रिक्षा करा. पहिल्या पायरीतला कागद आणि घरातल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या एका पिशवीत घालून न्या.

मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबायचे दिवस गेले. रोजच्या कामात अडचण येऊ लागली, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसू लागले की ऑपरेशनचं बोला. फार पिकलेला मोतीबिंदू काढणं अवघड होतं. ऋतूचाही प्रश्न नाही, पावसाळ्यात केलं तरी चालतं. आत बसवलेल्या आजकालच्या भिंगांत बहुधा अतिनील रोखण्याची सोय असते, तरी ऑपरेशननंतर टोपी-गॉगल चालू ठेवा.

आणि खालीलपैकी काही झालं तर पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेऊ नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा: डोळ्यासमोर एका बाजूने पडदा ओढल्यासारखं होणं, अचानक विजा चमकणं आणि काळ्या ठिपक्यांचा पाऊस, न दुखता एका डोळ्याने एकदम दिसेनासं होणं, डोळा लाल होऊन प्रचंड दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि उलट्या. शेवटच्या प्रकारात लोक पित्त समजून गोळी घेतात आणि रात्रभर थांबतात. तो अचानक दाब वाढलेला काचबिंदू असू शकतो, आणि त्यात काही तासांचाही उशीर नसेला महाग पडतो.